आणखी बोटभर खाली

गल्लीतल्या सगळ्यांत उंच माणसाचा धंदा मोटरसायकली ठेंगण्या करण्याचा होता, आणि हा विनोद गल्लीने इतकी वर्षं चघळला होता की त्यात आता काही रस उरला नव्हता. त्याला सगळे उंट म्हणत. गिऱ्हाइकं म्हणत, शेजारचा वेल्डर म्हणे, रागावली की बायकोसुद्धा म्हणे. वर्कशॉपच्या दाराची चौकट बरोबर त्याच्या कपाळाच्या उंचीवर होती. रोज आपटून आपटून शेवटी त्याने तिथे सीटमधून कापून काढलेला स्पंज बांधून टाकला होता. लोकांच्या बुडाखालचा स्पंज माझ्या कपाळाच्या कामी येतो, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

त्या गल्लीत प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. एकजण नुसते सायलेन्सर जोडी, एकजण सीटा शिवी, कोपऱ्यावरच्याकडे फक्त टायर. उंटाकडे यायचे ते दुकानाच्या काचेआड उभी असलेली उंच गाडी बघून भाळलेले लोक. गाडी घरी येते, दोन दिवस शेजारपाजाऱ्यांना दाखवून होते, आणि मग पहिल्याच चौकात कळतं की आपले अंगठेसुद्धा जमिनीला लागत नाहीत. असा माणूस उंटाच्या दारात उभा राहून कधीही "मी बुटका आहे" म्हणत नसे. तो म्हणे, "गाडी जरा उंच आहे हो." उंटाने हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं की ते कानावर पडलं रे पडलं की त्याचे हात आपोआप पान्यांकडे जात. माणसाच्या तोंडाकडे बघायचं राहूनच जाई.

काम तो चोख करायचा. पुढचे दोन पाइप ज्या पकडीत धरलेले असतात ती सैल करायची, पाइप वर सरकवायचे, म्हणजे गाडीचं नाक खाली येतं. मागे शॉकॲब्जॉर्बरच्या पट्ट्या बदलायच्या, म्हणजे बूड खाली येतं. मग साइड स्टँड तेवढाच कापून वेल्डरकडून जोडून घ्यायचा, नाहीतर खाली आलेली गाडी स्टँडवर ताठ उभी राहते आणि वाऱ्यानेसुद्धा पलीकडे कोलमडते. तो सगळं बोटांनी मोजायचा. दोन बोटं खाली, तीन बोटं खाली. आणि शेवटी त्याची एक खोड होती. पुढच्या स्प्रिंगा काढून गाडी पार तळापर्यंत दाबायची आणि टायर वर कुठे घासतो का ते बघायचं. गाडी खाली घेतली की चाक आणि त्याच्या डोक्यावरचं लोखंड जवळ येतात. जोराच्या ब्रेकला ते एकमेकांना भिडले तर पुढचं चाक जागीच अडतं, आणि माणूस हँडलवरून जातो. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तळ बघितल्याशिवाय उंट गाडी सोडत नसे.

एकाच गाडीला त्याने कधी हात लावला नव्हता. ती त्याच्या ताईची.

ताई त्याच्याहून मोठी, आणि त्याच्या छातीपर्यंतच पोचणारी. वडील गेल्यावर त्यांची जुनी मोटरसायकल घरात नुसती उभी होती, ती हिनेच बाहेर काढली. स्वतः शिकली आणि मग धाकट्याला मैदानात नेऊन शिकवली. उंटाचे पाय तेव्हाही दोन्ही बाजूंना टेकत, तरी तो पडे. हिचे टेकत नसत, तरी ही पडत नसे. कुठेही थांबायचं झालं की तिची नजर आधीच पुढचा दगड, पायरी, कट्टा असं काहीतरी हेरून ठेवी आणि गाडी बरोबर त्याच्या शेजारी जाऊन थांबे. "जगात एक पाय ठेवायला दगड काय कमी आहेत का?" असं ती म्हणायची.

तिचं काम चष्म्यांचं. गावाबाहेर खाणीवरचे कामगार, डोंगराच्या कडेची घरं, धरणाच्या भिंतीखालच्या चाळी, जिथे डोळ्यांचा डॉक्टर कधी जात नाही तिथे ती जायची. गाडीच्या मागे काचांची पेटी, पाठीवर गुंडाळलेला अक्षरांचा तक्ता. तक्ता झाडाला टांगायचा. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी सुईदोरा. एकेक काच डोळ्यापुढे धरायची, आणि सुईत दोरा गेला की तोच नंबर. त्या रस्त्यांवर बसायला जागा नाही इतके दगड, म्हणून तिने घेतलेली ही उंच गाडी, म्हणून पुढे मोठ्या खाचांचा टायर. गाडीवर बसलेली ताई म्हणजे कपाटावर ठेवलेली बाहुली, असं तिचा नवराच म्हणायचा. तो स्वतः बेकरीत भट्टीवर कामाला, अंगाने दोन माणसांएवढा, आणि गाडी कधीच न शिकलेला. बाजाराला जाताना तो तिच्या मागे बसायचा, तेव्हा पुढे कोणी चालवणारं आहे हेच लोकांना दिसत नसे.

उंटाला मात्र ती अंगठ्यावर उभी राहिलेली बघवत नसे. कितीदा तरी त्याने म्हटलं होतं.

"ताई, दोन बोटं खाली घेऊ दे ना. सख्ख्या बहिणीचीच गाडी अशी फिरते, लोक हसतात मला."

"हसू देत. माझ्या उंचीला हात लावायचा नाही."

"तुझ्या कुठे, गाडीच्या."

"एकच आहे ते," ती म्हणे आणि किक मारून निघून जाई.

त्यामुळे एका सकाळी ती वर्कशॉपच्या पायरीला पाय टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "गाडी उंच वाटायला लागलीय रे. घे थोडी खाली," तेव्हा उंटाला कोण आनंद झाला. इतक्या वर्षांचा हट्ट त्याने जिंकला होता. त्याने हातातलं काम टाकलं, वेल्डरला हाक मारली, बायकोकडून चहा मागवला. ताईला स्टुलावर बसवून तो शीळ घालत कामाला लागला. बायकोने चहा देताना एवढं विचारलं, "वन्सं, आजच कसं काय मनावर घेतलंत?" ताई म्हणाली, "वय झालं." दोघी हसल्या. उंट तेव्हा पकडीचे बोल्ट कसत होता. इतकी वर्षं जी गाडी हिला उंच नव्हती ती आज का उंच झाली, हा प्रश्न शाळेतल्या पोरालाही पडला असता. याला पडला नाही. त्याच्या कानावर ते नेहमीचं वाक्य पडलं होतं आणि हात पान्यांकडे गेले होते.

पुढच्या थंडीत ती परत आली. "परत उंच झाली बघ."

गाडी आपोआप उंच होत नाही. हे उंटाला कळत होतं, आणि तरी त्याने कारण शोधलं, आणि शोधणाऱ्याला ते सापडलंही. भाऊजींच्या वजनामुळे मागची स्प्रिंग घट्ट करून ठेवली होती. "हे बघ, हेच ते," त्याने तिला दाखवलं. तिलाही बरं वाटलं. दोघं बराच वेळ त्या स्प्रिंगेविषयी बोलत राहिले. मग त्याने ती सैल केली, पुढे पाइप आणखी वर सरकवले, सीटचा स्पंज तासला. गाडी आता इतकी खाली आली होती की इंजिनाखालची पत्र्याची ढाल खाणीच्या रस्त्यावरच्या दगडांना लागू लागली. दोनतीनदा आपटून घेतल्यावर ताईने खाण सोडली. तिकडचे चष्मे ती खडीच्या ट्रकवाल्यांच्या हाती पाठवू लागली. पण ट्रकवाला सुईदोरा धरून झाडाखाली थोडाच बसणार. मग डोंगरकडेची घरं गेली. मग धरणाखालच्या चाळी. गाडी जसजशी खाली येत होती तसतसे ताईचे रस्ते एकेक करून बंद होत होते, आणि शेवटी राहिला तो गावातला डांबरी रस्ता, जिथे चष्म्याची दुकानंच दुकानं होती.

खरं काय ते उंटाला कळलं एका दुपारी, त्याच्याच दारात. ताई त्याच्या बायकोशी गप्पा मारून निघाली. गाडीवर बसली. उजवा पाय आपसूक वर गेला. डावा जाईना. तिने हात खाली घातला, गुडघ्याजवळ विजारीचं कापड चिमटीत धरलं आणि पाय उचलून गिअरजवळ ठेवला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. हे तिने इतकं सहज केलं की रोजचंच असणार. उंटाचं लक्ष मग तिच्या चपलेकडे गेलं. डाव्या चपलेचं पुढचं टोक फरफटून फरफटून झिजलं होतं.

"ताई, पायाला काय झालंय?"

"कुठे काय? गिअर जड आहे तुझा."

"गिअर जड नाहीये. मीच हलका केलाय मागच्या वेळी."

ताईने हेल्मेटची पट्टी लावली. "मग पाय जड असेल," ती म्हणाली आणि गेली. तो रस्त्यात उभा राहिला. ती पुढच्या वळणावर गिअर बदलते तो आवाज ऐकायला त्याने कान लावले होते, आणि तो आवाज उशिरा आला.

डॉक्टरांनी सुया टोचून, तारा लावून सगळं तपासलं. दुखण्याचं नाव लांबलचक होतं. भाऊजींना ते घरी येईपर्यंतसुद्धा लक्षात राहिलं नाही. अर्थ एवढाच की पाठीच्या कण्यातून स्नायूंना जो हुकूम जातो तो जायचा थांबतोय. आधी पाय, मग हात, मग बाकीचं. औषध नाही. उंटाने दाराबाहेर डॉक्टरांना गाठून विचारलं, "लवकर आणलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "काही फरक पडला नसता." हे ऐकून माणसाला हलकं वाटायला हवं. उंटाला राग आला, इतका की त्याला त्या भल्या माणसाच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. मग घरी येऊन तो वर्कशॉपमध्ये एकटाच बसला आणि रडला. त्या स्प्रिंगेवर दोघं किती वेळ बोलत बसले होते ते त्याला सारखं आठवत होतं.

ताईने डॉक्टरांचं सगळं शांतपणे ऐकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढली होती. पाय धरतोय तोवर चालवणार, असं तिने घरात सांगून टाकलं. पाय धरतो की नाही, सगळं त्यावर येऊन ठेपलं होतं. तो धरेना झाला की ताई घरात बसणार, आणि घरात बसलेली ताई कशी असते हे कोणीच कधी बघितलं नव्हतं.

भाऊजी आले ते भट्टीवरून तसेच, कानांच्या पाळ्यांना पीठ लागलेलं. उंटाने स्टूल पुढे केलं. भाऊजी बसले नाहीत.

"ती काल पडली. चौकात. गाडी उभी होती, हिरव्या दिव्याची वाट बघत, आणि उभ्या उभ्याच आडवी झाली. मला सांगते, तेल सांडलं होतं."

"लागलं?"

"कोपर सोललंय. ते सोड. लोक हसले, असं टपरीवाला म्हणाला. उभी गाडी पडली की लोक हसतातच." भाऊजींनी कान पुसला, पीठ गालाला लागलं. "माझं एक काम कर. गाडी बिघडव."

"काय?"

"बिघडव. काहीतरी मोड. पार्ट मिळत नाही म्हण. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. चिडेल, ओरडेल, पण घरात राहील."

"तिला कळेल, भाऊजी. आवाजावरून कळेल."

"मग तिला तोंडावर सांग की आता बस. मी सांगितलं तर म्हणते, तुला गाडी येत नाही, तू बोलू नकोस."

उंटाच्या पुढ्यात कोणाची तरी गाडी उघडी पडली होती. तिच्याकडे बघत तो म्हणाला, "ती घरी बसली की संपेल."

"आणि रस्त्यावर पडली की?" भाऊजींनी विचारलं. मग तो दोन माणसांएवढा माणूस एकदम स्टुलावर बसला, आणि त्याच्या रडण्याने स्टूल करकरायला लागलं. उंटाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उंटाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. असल्या बाबतीत माणूस जे करतो तेच त्याने केलं, म्हणजे विषय पुढे ढकलला.

त्याच आठवड्यात ताई आली. गाडी पायरीला टेकवून उतरली ती खांबाला धरून.

"आणखी बोटभर घे खाली," ती म्हणाली.

सांगायचं तर हीच वेळ होती. उंटाने तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते असं, "पाइप आता वर सरकत नाहीत. आता खाली यायचं तर पुढच्या टायरमधूनच. त्याच रिंगेत बसणारा, पण अंगाने बुटका टायर मिळतो."

"मग दाखव."

कोपऱ्यावरच्याकडून त्याने दोन टायर आणले आणि तिच्यासमोर भिंतीला टेकवून ठेवले. दोन्ही बारीक खाचांचे, डांबरी रस्त्याचे. मोठ्या खाचांचा टायर बघायचीसुद्धा आता गरज नव्हती, आणि ताईने तो विषय काढला नाही. उंटाने डाव्या टायरवर हात ठेवला.

"हा घे. मऊ रबर आहे. रस्त्याला चिकटून राहतो, ओल्यातही घसरत नाही. आणि दोघांत हाच जास्त बुटका."

ताईने नखाने रबर दाबून बघितलं. मग उजवा दाबून बघितला. माणसांचे डोळे तपासताना ती अशीच दोन काचा आलटूनपालटून धरायची. टायर अगदी नवे होते. साच्यातून निघताना रबराचे बारीक बारीक केस उभे राहतात ते दोन्हींवर तसेच होते.

"आणि हा?"

"तो कडक. पकड तेवढी नाही."

"पण चालतो जास्त."

"चालतो, पण..."

"मऊ वर्षभरात गुळगुळीत होईल. परत काढा, परत घाला. हा चारपाच वर्षं बघायला नको."

उंट तिच्याकडे बघत राहिला. मस्करी करते आहे की काय, त्याला कळेना. ती मस्करी करत नव्हती. तिने सगळ्या आयुष्यात टायर असाच घेतला होता, टिकणारा, आणि आजही ती तसाच घेत होती. मऊच घे म्हणून हट्ट धरायचा तर त्याला सांगावं लागलं असतं, की ताई, वर्ष कोणी बघितलंय. हे शब्द त्याच्या जिभेवर आले आणि तिथेच बसून राहिले.

"कडकच घाल," ती म्हणाली.

त्याने कडक टायर घातला. त्याला स्वतःची शिसारी आली, आणि तरी तो रिंगेवर टायर चढवत राहिला. मग नेहमीप्रमाणे स्प्रिंगा काढल्या आणि गाडी तळापर्यंत दाबली. टायर आणि वरचं लोखंड यांच्यात जेमतेम पुठ्ठा सरकेल एवढी फट उरली होती. त्याने खरोखरच पुठ्ठा घालून बघितला.

"ताई, इकडे बघ. आता याच्याखाली जागा नाही."

"बघितलं," ताई म्हणाली.

गाडी जोडून झाली. त्याने ती ढकलत गल्लीत आणली, सपाट जागेवर. वेल्डर आपली तोंडावरची काच वर करून उभा, सीटवाला दारात, आणि सगळे असे की जणू आपण दुसरंच काही बघतोय. ताईने हाताने पाय उचलून पलीकडे टाकला आणि बसली. आणि इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं. तिचे दोन्ही तळवे, टाचांसकट, जमिनीला टेकले. तिने खाली बघितलं, मग उंटाकडे बघितलं, आणि ती हसली. लहानपणी मैदानात हसायची तशी.

"टेकले रे दोन्ही."

"टेकले," उंट म्हणाला.

"सोड आता. हात लावायचा नाही."

त्याने हात काढले आणि दोन पावलं मागे सरला. ताईने हँडल सरळ केलं. गाडी किंचित डावीकडे कलली, कोणाचीही कलते तेवढीच. तळवा जमिनीवर पुरता टेकलेला होता, आणि त्याच्यावरचा गुडघा ओल्या पुठ्ठ्यासारखा दुमडला. उंट धावला तोवर ती गाडीसकट खाली गेली होती. कोणी हसलं नाही. त्यापेक्षा हसले असते तर बरं, असं उंटाला वाटलं. त्याने आणि वेल्डरने गाडी उचलली, उंटाची बायको पदर खोचून धावत आली, तिने ताईच्या काखेत हात घातले. ताईच्या हाताला खरचटलं होतं. ती जमिनीवर बसूनच गाडीकडे बघत होती.

"उंचीचं नव्हतंच ते," ती म्हणाली.

"नाही," उंट म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

त्याने होकारार्थी मान हलवली. उंटाच्या बायकोच्या आणि वेल्डरच्या आधाराने ताई आत जाऊन स्टुलावर बसली आणि तिने हेल्मेट मांडीवर घेतलं. नंतर भाऊजी आले आणि तिला रिक्षाने घेऊन गेले. हेल्मेट तिथेच राहिलं. भाऊजींना जे हवं होतं ते झालं होतं, काही न मोडता. ते जाताना उंटाकडे बघू शकले नाहीत, आणि उंटही त्यांच्याकडे बघू शकला नाही.

गाडी वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला उभी राहिली. उंट कामं घेत राहिला. "गाडी जरा उंच आहे हो" म्हणत कोणी आलं की आता तो आधी त्या माणसाला चार पावलं चालायला लावायचा. गिऱ्हाइकांना वाटे, उंटाचं डोकं फिरलंय. त्याने कोणाला काही समजावून सांगितलं नाही. रोज तो ताईकडे जाई. ती बाहेरच्या खोलीत चाकांच्या खुर्चीवर बसून जुन्या चष्म्यांच्या काड्या घट्ट करत असे. मग हळूहळू तो बारीक स्क्रू तिच्या चिमटीत राहीनासा झाला. मग तेही बंद झालं. ती खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या ऐकत बसे. भाऊजींनी टीव्ही तिच्यासमोर आणून ठेवला होता, तो ती लावू देत नसे.

एक दिवस भाऊजी तिची खुर्ची ढकलत गल्लीत आले. ताई म्हणाली, "माझी गाडी होती तशी कर."

"म्हणजे?"

"वर घे. तू तिला बुटकी करून ठेवलीयस, मला ते सारखं डोळ्यांसमोर येतं."

जुन्या पट्ट्या, सीटमधून तासून काढलेला स्पंज, स्टँडचा कापलेला तुकडा, सगळं त्याने एका डब्यात जपून ठेवलं होतं. कशासाठी, ते त्यालाच ठाऊक. त्याने पाइप खाली आणले, पट्ट्या बदलल्या, स्प्रिंग घट्ट केली, वेल्डरने स्टँडला तुकडा परत जोडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो एखादी गाडी वर घेत होता. टायर मात्र तोच राहिला. मोठ्या खाचांचा जुना केव्हाच फेकला गेला होता.

"बसव मला," ताई म्हणाली.

भाऊजींनी उंटाकडे बघितलं. उंटाने गाडीच्या पोटाखाली लोखंडी घोडी सरकवली, दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली, आणि मग दोघांनी मिळून ताईला उचललं. ती हलकी झाली होती, फारच हलकी. भाऊजी मागून तिला छातीशी धरून उभे राहिले. उंटाने तिची बोटं एकेक करून हँडलवर ठेवली. तिचे पाय दोन्ही बाजूंना लोंबत होते.

"पाय टेकत नाहीत, ताई," तो म्हणाला. का म्हणाला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"कधी टेकत होते?" ती म्हणाली. मग मान थोडी वाकवून तिने पुढे बघितलं. टायरवर रबराचे केस जसेच्या तसे होते. तो एकदाही रस्त्यावर धावला नव्हता.

"बघ. मी म्हटलं होतं ना, हाच जास्त टिकेल."

उंटाला हसता आलं नाही. भाऊजींनी तिच्या खांद्यावर तोंड लपवलं. ताई पुढेच बघत होती, गल्लीच्या तोंडाशी, जिथून मोठा रस्ता सुरू होतो तिकडे.

"फिरव की," ती म्हणाली.

उंट चाकाजवळ खाली बसला आणि त्याने टायरला हाताने वेग दिला. चाक फिरलं, सावकाश झालं आणि थांबलं. त्याने ते परत फिरवलं.